ऑपेराची आवड लागलीय पण इटालियन येत नाही, सुरुवात कशी करू?

भाषेचं टेन्शन घेऊ नका, आधी गोष्ट वाचून घ्या, पाच मिनिटं पुरतात, मग सबटायटल लावून बघा. पहिल्यांदा पुच्चीनी या इटालियन संगीतकाराचा १८९६ चा 'ला बोएम' घ्या, फार लांब नाहीये. पहिल्या अंकात मेणबत्ती विझते, शेजारच्या मिमीची किल्ली हरवते, ती आणि कवी रोदोल्फो अंधारात जमिनीवर चाचपडत शोधतात आणि रोदोल्फोचा हात तिच्या गारठलेल्या हाताला लागतो, तिथून तो जे गायला लागतो ना, माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो! वाग्नर या जर्मन संगीतकाराचे ऑपेरा मात्र नंतर बघा, चार-पाच तास बसायची सवय असावी लागते.

ऑपेराव्हिजन या वेबसाइटवर युरोपातल्या थिएटरांचे पूर्ण प्रयोग फुकट दिसतात, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा २००६ पासून आपले प्रयोग सिनेमा थिएटरात लाइव्ह दाखवतं. पण जमलं तर एकदा प्रत्यक्ष बघाच, अगदी वरची स्वस्त सीट पण चालेल, कारण गायक सहसा माइकशिवाय गातात आणि एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राला ओलांडून तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येतो, हेडफोनमध्ये हे कळतच नाही.

आणि हो, एकच गाणं दोन-तीन गायकांचं लागोपाठ ऐका, कोण कुठे श्वास घेतो, कुठला सूर लांबवतो ते हळूहळू लक्षात यायला लागतं.