जुनी मारुती ईको ऑइल खाते, चेक इंजिनचा दिवाही लागतो. इंजिन उतरवावंच लागेल का?

तुमची गाडी २०१४ची सीएनजी ईको, १,४०,००० किलोमीटर झालेली. ऑइल कमी होतं, चेक इंजिनचा पिवळा दिवा येतो-जातो, घाटातल्या वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवू. मी साताऱ्यात गॅरेज चालवतो, अशा गाड्या रोज बघतो. माझं मत सरळ आहे: आत्ता उतरवू नका. मेकॅनिकचं निदान कदाचित बरोबरही निघेल, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात रिंगा गेल्याचा पुरावा अजून नाही.

आधी लाल दिव्याचं बघू. किटलीचं चित्र असलेला तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब पडल्याचं सांगतो. वळणावर चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढायला लागतो. म्हणजे तोवर पातळी फारच खाली गेलेली असते आणि बेअरिंगांना ऑइल मिळत नसतं. तो दिसला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, ऑइल भरा, मगच पुढे जा. 'पुढच्या गावात बघू' म्हणत चालवलेली इंजिनं क्रँक घासून माझ्याकडे टोचन करून येतात. ऑइल पूर्ण भरलेलं असतानाही दिवा लागला, तर दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावून दाब मोजून घ्या. नुसता स्विच बदलून समाधान मानू नका.

आता ऑइल जातं कुठे? गळतं की जळतं, हे आधी ठरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरून ऑइल गरम सायलेन्सरवर पडलं, की सिग्नलला उभं असताना जळका वास थेट आत येतो. असा वास येत असेल तर निम्मं कोडं सुटलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असतील तर बहुधा मागचं ऑइल सील गेलंय.

गळती नसेल तर धूर बघा. धूर किती येतो यापेक्षा कधी येतो हे महत्त्वाचं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपकारा आला आणि मग साफ झालं, तर रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी टोपीतून ऑइल खाली झिरपलंय. खंबाटकीसारखा घाट गिअरमध्ये उतरून खाली परत अॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर आला, तरीही संशय सील आणि गाइडवरच (ज्या नळीत व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती), कारण उतारावर इंजिनातली ओढ वाढते आणि ऑइल तिथून खेचलं जातं. चढावर भरलेल्या गाडीत सतत निळा धूर येत असेल, तेव्हाच रिंगांचं नाव घ्या. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघावं लागेल.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी तपासा, आणि लोक नेमकी तीच सोडतात: पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साठणारा वायू इनटेककडे सोडणारा छोटा व्हॉल्व्ह. तो चोंदला की इंजिनात दाब साठतो, सीलं पाझरतात आणि ऑइल इनटेकमध्ये ढकललं जातं. हा स्वस्तातला पार्ट आहे. इंजिन उतरवायच्या खर्चाशी त्याची तुलनाच नाही.

पिवळा दिवा कदाचित वेगळं दुखणं असेल. आपल्याकडे एप्रिल २०१३पासून बहुतेक नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड कोडच्या रूपात नोंदवणारी यंत्रणा आहे, त्यामुळे साधा ब्लूटूथ स्कॅनरही कोड वाचतो. पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), पी०४२० म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. कोड लिहून घेण्याआधी कुणालाही 'दिवा घालवू' देऊ नका. चार-पाच दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघा. मिसफायर गॅसवरच होत असेल तर प्लग, कॉइल आणि गॅसचं ट्यूनिंग आधी बघा. हा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र पाय हलका ठेवा आणि सरळ गॅरेज गाठा, कारण न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकतं.

चारही प्लग काढून कागदावर क्रमाने मांडा. बिस्किटी रंगाचा प्लग निरोगी. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त. टोकावर ओली, चकचकीत काळी चिकटण म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये ऑइल जळतंय. एकच प्लग ओला निघाला आणि मिसफायरचा कोडही त्याच सिलिंडरचा असला, तर दोन्ही तक्रारी एकच.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. आधी कोरडी, नंतर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. आकडा चांगला वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट घासतात, म्हणून टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट आधी तपासून घ्या. दोष सीलांचा निघाला तर काम हेडपुरतं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापुरतं आहे, खालचा ब्लॉक उघडायची गरज नाही.

खप मोजायची पद्धतही सांगतो. सकाळी थंड गाडी सपाटीवर उभी करा, डिपस्टिक पुसून परत घाला, वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. ५०० किलोमीटरनंतर परत त्या खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मापाच्या बाटलीने मोजा. ऑइलच्या रंगावर जाऊ नका. सीएनजीत ऑइल पिवळंच दिसतं, म्हणून लोक मुदत उलटली तरी बदलत नाहीत. जुन्या इंजिनात हजार किलोमीटरला पाव लिटरपर्यंत गेलं तर मी भरत राहा म्हणतो. अर्ध्या लिटरला कारण शोधतो, लिटरभर जात असेल तर काम काढतो. घट्ट ऑइल टाकून धूर दाबण्याचा सल्ला मी देणार नाही, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच टाका.

कोड, चारही सिलिंडरचे कोरडे आणि ओले आकडे आणि ५०० किलोमीटरचा खप इथे लिहा, मग हेड उघडायचं की इंजिन उतरवायचं ते सांगतो. तोवर गाडीत एक लिटर ऑइल ठेवा आणि घाट चढण्याआधी डिपस्टिक बघा.