जमिनीपासून छतापर्यंतच्या उभ्या स्टँडवर सायकली टांगणे गावाकडच्या घरात कितपत योग्य?

तुम्ही विचारले आहे की घरात तीन सायकली आहेत, सपरीत म्हणजे घरापुढच्या उघड्या पडवीत ठेवल्या तर त्यांना ऊन-पाऊस लागतो, भिंती मातीच्या असल्यामुळे त्यांत खुंटी किंवा बोल्ट टिकत नाही, तेव्हा जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून उभा राहणारा स्टँड घ्यावा का. समोरची खोली सरकारी घरकुल योजनेतली म्हणजे स्लॅबची आहे, मागचे घर जुने आणि कवेलूचे म्हणजे कौलारू आहे, आणि एवढे ओझे छताला पेलेल का, अशी घरच्यांना भीती आहे, असेही तुम्ही लिहिले आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा निदेशक आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या स्वतःच्या स्लॅबच्या खोलीत असा स्टँड आहे आणि काकांच्या कवेलूच्या घरात त्याचाच थोडा वेगळा प्रकार मी बसवून दिला आहे, त्यामुळे दोन्ही छतांविषयी अनुभवाने सांगू शकतो.

आधी घरच्यांच्या भीतीविषयी. या स्टँडवर टांगलेल्या सायकलींचे सगळे वजन खांबातून खाली जमिनीत उतरते. छताला काहीही लोंबकळत नाही. छताचे काम एवढेच की खांब एका बाजूला कलू लागला तर त्याचे डोके जागेवर धरून ठेवायचे. हे धरणे किती जोराचे असते याचा हिशेब सोपा आहे. आपली २८ इंची काळी सायकल कॅरियर, चेनकव्हर आणि स्टँडसह साधारण २० किलो भरते आणि खांबाच्या आकड्यावर म्हणजे हुकावर टांगल्यावर तिचे वजन खांबापासून साधारण ३५ सेंटिमीटर पुढे येते. छत ३ मीटर उंचीवर असेल तर २० गुणिले ३५ भागिले ३००, म्हणजे खांबाच्या टोकाशी आडवा जोर केवळ सव्वादोन ते अडीच किलोचा येतो. दोन सायकली खांबाच्या समोरासमोरच्या बाजूंना टांगल्या तर त्या एकमेकींना तोलतात आणि हा जोर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून छत किती मजबूत आहे यापेक्षा ते किती स्थिर आहे, ते वरखाली किंवा बाजूला हलते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तुमच्या दोन खोल्यांची उत्तरे वेगवेगळी निघतात ती याच कारणाने.

स्लॅबच्या खोलीत हा स्टँड चांगला चालतो, मात्र तो कसून आवळण्याचा मोह टाळला पाहिजे. बाजारातल्या तयार स्टँडमध्ये एकात एक सरकणारे दोन पाइप, टोकांना रबरी पाय आणि आत स्प्रिंग किंवा आट्यांचा स्क्रू असतो. स्प्रिंगच्या प्रकारात फारसा धोका नाही, कारण स्प्रिंगचा दाब मर्यादितच असतो. स्क्रूच्या प्रकारात मात्र लांब पाना लावून कोणीही छताला आवश्यकतेपेक्षा कितीतरी पट जास्त रेटू शकतो. स्लॅबच्या मधल्या भागात मुख्य सळया तळाच्या अंगाला असतात, कारण स्लॅब स्वतःच्या वजनाने खाली झुकू पाहतो आणि ताण तळाशी येतो. त्याच जागी खालून जोराने रेटले तर ताण वरच्या अंगाला जातो, आणि तिथे मध्यभागी बहुधा सळई नसते. म्हणून खांब खोलीच्या मधोमध न लावता भिंतीजवळ, आणि बीम असेल तर बीमखाली लावावा, हाताने घट्ट होईल तेवढा आवळावा आणि त्यानंतर पान्याने फार तर पाव फेरी द्यावी. आट्यांमधले अंतर ६ मिलिमीटर असेल तर पाव फेरीत खांब दीड मिलिमीटर वर सरकतो, आणि रबर दबण्यासाठी तेवढे पुरेसे असते. स्लॅबला पोपडे आले असतील, सळई गंजून बाहेर दिसत असेल किंवा पावसाळ्यात ओल धरत असेल, तर त्या जागी खांब लावू नये.

तयार स्टँड मागवण्यापूर्वी टेपने जमीन ते छत उंची त्याच जागी मोजा. गावाकडे स्लॅब बहुधा १० फुटांच्या आसपास असतो, पण जुन्या खोल्या त्याहून उंच असतात आणि सगळेच तयार स्टँड तितके लांब होत नाहीत. दुसरे, प्रत्येक आकड्याची वजनक्षमता पाहा. यांतले बरेच स्टँड हलक्या, १०-१२ किलोच्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात आणि आपली सायकल त्यांच्या जवळजवळ दुप्पट वजनाची असते.

खरे सांगायचे तर मी तयार स्टँड घेतलाच नाही. स्लॅब टाकताना सेंट्रिंगच्या पाट्यांखाली ठेकेदार जो लोखंडी जॅक लावतात, तो याच तत्त्वावर चालतो. बाहेरचा जाड पाइप, आत सरकणारा छिद्रांचा पाइप, उंची धरणारी खीळ आणि शेवटचे आवळण्यासाठी आट्यांची मोठी चकती, एवढेच त्याचे भाग असतात. तो टनाच्या हिशेबातले ओझे पेलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तीन सायकली त्याला काहीच नाहीत. ठेकेदाराकडे जुना, आटे शाबूत असलेला जॅक मिळाला तर घ्या, पोलिश पेपरने गंज काढून रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट मारा. सायकलीचे आकडे जॅकला वेल्डिंगने जोडू नका, कारण मग त्यांची उंची बदलता येत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप धरायला जसा दोन अर्धगोलांचा नटबोल्टचा क्लॅम्प असतो तसा क्लॅम्प गावच्या वेल्डिंगवाल्याकडून जॅकच्या बाहेरच्या पाइपच्या मापाचा करून घ्या आणि त्या क्लॅम्पवर १६ मिलिमीटरच्या सळईचे दोन हात, टोके वर वळवून, जोडून घ्या. दोन हातांमध्ये एक फुटाच्या आसपास अंतर ठेवा. हातांवर जुनी ट्यूब गच्च गुंडाळली की सायकलीचा रंग घासत नाही. जॅकच्या वरच्या पत्र्याच्या आणि स्लॅबच्या मध्ये फूटभर लांबरुंद प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर ट्यूबचे रबर ठेवा, म्हणजे दाब पसरतो आणि डोके घसरत नाही. खालीही तसेच करा, विशेषतः फरशी ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येत असेल तर.

आता कवेलूचे घर. तिथे सपाट छत नसते, त्यामुळे लोक साहजिकच मयालीखाली, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळईखाली, खांब दाबून उभा करायला पाहतात. तसे करू नका. मयाल लाकडी खांबांवर आणि भिंतीवर नुसती बसलेली असते, तिला खालून उचलले की तिच्यावरचे फाटे म्हणजे वासे हलतात, कवेलू सरकतात आणि पहिल्याच पावसात घर गळू लागते. वर जो हिशेब दिला तो इथे उपयोगी पडतो. डोक्याला फक्त अडीच किलोचा आडवा आधार हवा आहे, वरच्या दाबाची आवश्यकताच नाही. म्हणून काकांच्या घरी मी मयालीच्या तळापासून खांब दोन बोटे खालीच ठेवला आणि मयालीभोवती लोखंडी पट्टीचा फेरा घालून खांबाचे टोक त्या फेऱ्यात बाजूने अडकवले. मयाल वर उचलली जात नाही आणि खांबही कलत नाही. खाली शेणाने सारवलेली जमीन असल्यामुळे खांब रुतू नये म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा जमिनीत बसवला. लाकडी बल्ली वापरायची इच्छा असेल तरी ही फरशी घालाच, कारण मातीला टेकलेल्या लाकडाला आपल्याकडे उधई म्हणजे वाळवी लागल्याशिवाय राहत नाही. टिनाचे छप्पर असेल तिथेही हाच उपाय करावा. टिनाखालच्या अँगलला खांब बाजूने बांधावा, दाबून कधीही लावू नये. वैशाखातल्या वादळात टिन आणि अँगल दोन्ही वर उचलले जातात, तेव्हा केवळ दाबावर उभा असलेला खांब सायकलींसह खाली येईल. पीव्हीसीच्या किंवा पीओपीच्या खोट्या छताला तर आधार मानूच नये.

खांब उभा करताना ओळंबा लावा. डोळ्यांनी सरळ दिसणारा खांब तीन मीटरमध्ये सहज दोन बोटे कललेला असतो आणि तेवढ्याने टांगलेल्या सायकली हळूहळू एका बाजूला फिरू लागतात.

एकदा लावलेला खांब कायम तसाच घट्ट राहील असे मात्र धरून चालू नका. पोलाद प्रत्येक अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. आपल्याकडे थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत खोलीच्या आतसुद्धा २५ ते ३० अंशांचा फरक पडतो, म्हणजे ३ मीटरचा खांब उन्हाळ्यात जवळजवळ १ मिलिमीटर लांब आणि थंडीत तेवढाच आखूड असतो. त्याहून मोठी बाब आपली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरची फरशी सोबत उचलते किंवा खचवते. म्हणून प्रत्येक ऋतूत एकदा सायकली उतरवून खांब दोन्ही हातांनी हलवून पाहा. पावसाळ्यात फार आवळला गेला असेल तर थोडा सैल करा, थंडीत किंवा उन्हाळ्याच्या शेवटी हलत असेल तर आवळा.

सायकल टांगण्याच्या रीतीवर थोडे सविस्तर लिहितो, कारण पडझड बहुधा तिथेच होते. आपल्या सायकलीचे वजन मागे जास्त असते. कॅरियर, स्टँड आणि फ्रीव्हील हे सगळे मागच्या चाकाशी आहेत. त्यामुळे दांडीचा बरोबर मध्य आकड्यांच्या मध्ये आणला तर सायकल मागे झुकते. सायकल थोडी पुढे सरकवून आकडे सीटच्या बाजूला चार बोटे जवळ घ्या, ती समतोल राहील. नंतर हँडल आपोआप वळते, पुढचे चाक फिरून भिंतीवर किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर आपटते, म्हणून पुढचे चाक फ्रेमच्या खालच्या नळीला ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवा. मुलीच्या सायकलीला आडवी दांडी नसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना ज्या सायकली मिळतात त्याही अशाच असतात, त्यामुळे हा प्रश्न गावातल्या कितीतरी घरांत येतो. त्यासाठी सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत जाणारी काढता-घालता येणारी आडवी दांडी विकत मिळते आणि ती अर्ध्या इंची पाइपला दोन्ही टोकांशी आकडे करून घरीही बनवता येते. नुसत्या सीटखाली एक हात घालून टांगू नका, सीटचा नट सैल असला की सायकल गरकन फिरते.

आकड्यांची उंची खालच्या सायकलीसाठी ९० ते ९५ सेंटिमीटर ठेवली की चाक जमिनीपासून थोडे वर राहते आणि खालून झाडू फिरतो. त्याच बाजूला वर दुसरी सायकल घ्यायची तर तिचा आकडा दोन मीटरच्या आसपास जातो. २० किलोची सायकल तेवढी उंच चढवणे एकट्या माणसाचे काम नाही, आणि मुलांनी तर तिला हातही लावू नये. सीलिंग फॅनचे पाते साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत पोचते, तेव्हा वरच्या सायकलीचे हँडल त्या घेऱ्यापासून चांगले दूर राहील अशी जागा निवडा.

यावरून तुमच्या तीन सायकलींचे काय करावे याविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की तिन्ही टांगू नयेत. घरकुलाची खोली मुळात लहान, आणि योजनेतले घर किमान २५ चौरस मीटरचे असते. उभी सायकल साधारण १.८ मीटर गुणिले ६० सेंटिमीटर, म्हणजे एक चौरस मीटरहून थोडी जास्त जागा घेते, हे मला मान्य आहे. तरी जी सायकल रोज शाळेला जाते ती जमिनीवरच, खांबाच्या पायाशी ठेवा. रोज उतरवायची आणि रोज चढवायची सायकल आठ दिवसांत पुन्हा सपरीत उभी दिसते. जी बाजाराच्या दिवशी किंवा शेतात जायलाच निघते ती खालच्या आकड्यावर आणि धाकट्याची हलकी सायकल वरच्या आकड्यावर ठेवा.

जागेच्या बाबतीत दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या सांगतो. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो, तिथे खांब कूलरच्या झोतासमोर लावू नका. रात्रभर ओलसर हवा लागून चेन आणि रिम आठवड्यात तांबूस होतात, आणि मग ऊन-पावसातून सायकल घरात आणली त्याचा उपयोग काय? दुसरी गोष्ट कापसाची. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा असेल तर सायकल त्या खोलीतून हलवा किंवा तिच्या चेनवर आणि फ्रीव्हीलवर जुने धोतर गुंडाळा. ग्रीसचा डाग लागलेला कापूस व्यापारी बाजूला काढतो, आणि उडालेले तंतू फ्रीव्हीलच्या तेलाला चिकटून आत गेले की ते खोलून रॉकेलमध्ये धुतल्याशिवाय निघत नाहीत. बॅटरीची सायकल असेल तर तिचे चार्जिंग कापसाच्या खोलीत अजिबात करू नये.