पोह्यांची एकच प्लेट आणि तीन ॲप्सचे तीन आकडे

या महिन्यात कॅलरी मोजायच्या ॲप्सवर एवढे प्रश्न आलेत की मधुमेहाचे आणि उपवासाचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, राग मानू नका. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तसं कळवलंय.

ताई, फोटोवाल्या ॲपमध्ये कांदेपोह्यांचा फोटो टाकला तर २१० कॅलरी आल्या. दुसऱ्या ॲपमध्ये 'पोहे १ प्लेट' शोधलं तर ३४०, आणि नवऱ्याच्या ॲपमध्ये १८०! प्लेट एकच. कशावर विश्वास ठेवू? वजनकाटा घ्यावाच लागेल का? रोज एवढं कोण करणार? (ठाणे)

तिन्हीवर ठेवू नका. फोटोवाल्या ॲपला दोन गोष्टी ओळखाव्या लागतात, पदार्थ कुठला आणि किती आहे. पोहे आहेत हे ते हल्ली बऱ्यापैकी बरोबर ओळखतं, पण किती आहेत हा अंदाजच, कारण वरून काढलेल्या फोटोत बशी उथळ की खोल ते कळत नाही. आणि तेल तर दिसतच नाही. फोडणीत दोन चमचे घातलं काय नि चार घातलं काय, फोटो सारखाच येणार.

शोधून टाकायच्या पद्धतीत घोळ वेगळाय. मायफिटनेसपालसारख्या ॲपची यादी मोठी आहे कारण तिथे वापरणारे लोकच पदार्थ भरतात, म्हणजे 'पोहे १ प्लेट' कुणीतरी आपल्या घरच्या प्लेटीवरून टाकलेलं असतं आणि त्यांची प्लेट केवढी होती ते आपल्याला कुठून कळणार! म्हणून 'प्लेट', 'वाटी', 'बाउल' असं लिहिलेली नोंद घ्यायचीच नाही, ग्रॅममधली घ्यायची. नोंद खरी वाटते का ते बघायची एक सोपी युक्ती आहे. प्रोटीनचे ग्रॅम गुणिले ४, कार्बचे गुणिले ४, फॅटचे गुणिले ९, तिन्हीची बेरीज कॅलरीच्या जवळपास यायला हवी. फायबरमुळे थोडा फरक पडतो, पण बेरीज ३५० आणि वर कॅलरी १८० लिहिलेल्या असतील तर ती नोंद सोडून द्या.

आता तुमच्या पोह्यांचं. चार-पाच माणसांचे पोहे धरू. कोरडे पोहे ३०० ग्रॅम म्हणजे साधारण १०५०, तेल ५५ ग्रॅम म्हणजे ४९५, शेंगदाणे ५० ग्रॅम म्हणजे २८०, बटाटा १५० ग्रॅमचे ११५, ओलं खोबरं ३० ग्रॅमचे १०५, दोन मोठे कांदे ८०, छोटा चमचा साखर २०. झाले साधारण २१५०. कढईत तयार पोहे एक किलो भरले तर १०० ग्रॅमला २१५, आणि २०० ग्रॅमच्या प्लेटीला ४३०. लिंबू-कोथिंबीर सोडून द्या. तेल निम्मं केलंत तर प्लेटीमागे चाळीस-पन्नास कमी होतात. आणि प्लेट २०० ऐवजी २६० ग्रॅमची भरली (भरतेच!) तर सव्वाशे-एक वाढतात. म्हणजे पोह्यांपुरतं तरी तेलापेक्षा प्लेट मोजण्यात जास्त फायदा.

याला ॲपमध्ये 'रेसिपी' म्हणतात, ती एकदाच करायची. रिकाम्या कढईचं वजन मोबाईलमध्ये लिहून ठेवा, पदार्थ झाल्यावर कढईसकट वजन करून ते वजा करा, आणि ॲपने किती सर्व्हिंग विचारलं की तिथे ग्रॅमचा आकडा टाका, म्हणजे १०००. मग प्लेटीत २०० ग्रॅम घेतले की २०० सर्व्हिंग लिहायचं, वेडगळ दिसतं पण हिशोब चोख बसतो. पुढच्या वेळी मागची नोंद कॉपी करायची. आपल्या घरात नाश्त्याचे पाच-सहाच प्रकार आलटून पालटून होतात, त्यामुळे महिन्याभरात सगळ्या रेसिप्या भरून होतात आणि नंतर काटा फक्त प्लेटीखाली ठेवायचा असतो. तर हो, काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा डिजिटल चालेल.

आमचं एकत्र कुटुंब, स्वयंपाक सासूबाई करतात. त्यांच्या हाताला काटा लावायला सांगितलं तर घरात महाभारत होईल. मी काय लिहू? (नाशिक)

सांगूच नका त्यांना! तुम्ही महिन्याचा तेलाचा हिशोब काढा, तो वाणसामानाच्या यादीतच मिळेल. समजा घरात पाच मोठी माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल लागतं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पिशवीवर बघा बहुतेक छापलेलं असतं. चार लिटरचे ३६४० ग्रॅम, भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस, आले माणशी रोजचे २४ ग्रॅम म्हणजे सव्वादोनशे कॅलरीच्या आसपास. ही एक नोंद 'घरचं तेल' म्हणून रोज आपोआप टाकायची आणि भाजी, आमटी, वरण सगळं बिनतेलाचं समजून लिहायचं. एखाद्या दिवशी कमी-जास्त होईल, पण महिन्याला बरोबर येतं, आणि वजन काही एका दिवसात ठरत नाही. तळणीचं तेल उरतं, सण असतात, पाहुणे येतात, तेवढं डोळ्यांनी वजा करा. मला विचाराल तर घरच्या जेवणाला फोटोवाल्या ॲपपेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली, आणि कुणाशी वादही नाही.

पोळीचं त्याहून सोपं. कणीक किती ग्रॅम भिजवली आणि पोळ्या किती झाल्या एवढं एक दिवस बघा. पोळीला ३० ग्रॅम कणीक पडत असेल तर साधारण १०० कॅलरी. तूप वेगळं लिहायचं, छोटा चमचा म्हणजे ४५.

मी मेलबर्नला राहते. इथल्या पाकिटांवर किलोज्यूल असतात आणि ॲपमध्ये थालीपीठ, भाजणी काही सापडत नाही. क्रोनोमीटर नावाचं ॲप वापरते. (मेलबर्न, ऑस्ट्रेलिया)

किलोज्यूलला ४.१८४ ने भागलं की कॅलरी, म्हणजे १००० किलोज्यूल म्हणजे २३९. ढोबळ हिशोबाला चारने भागा. सेटिंगमध्ये एकक बदलता येतं, एकदा बघून घ्या.

क्रोनोमीटरचा मला आवडणारा भाग हा की तिथली यादी तपासलेल्या स्रोतांवरून येते, अमेरिकी सरकारचा आहारसाठा वगैरे, त्यामुळे कांदा-बटाटा-दूध भरवशाचं. पण तिथल्या सरकारला भाजणी कुठून माहीत असणार! आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढलेत, ५२८ पदार्थ आहेत त्यात, ज्वारी-बाजरी-नाचणी, डाळी, भाज्या, मासे. पण त्यांचा भर कच्च्या जिनसांवर आहे, थालीपीठ असं तयार मिळणार नाही. ते तुम्हीच 'नवा पदार्थ' म्हणून करायचं. आणि खरं सांगू, पिठांसाठी फार शोधत बसू नका. ज्वारी घ्या, बाजरी घ्या, नाचणी घ्या, तांदूळ, डाळीचं पीठ, कोरडं असताना १०० ग्रॅमला साधारण ३२० ते ३६० च्या मध्येच असतात सगळी. भाजणीला ३५० धरा आणि थापताना नि वरून सोडलेलं तेल नीट मोजा.

बारकोड स्कॅन सगळ्यात अचूक ना? पण आता त्याला पैसे मागतायत. भरू का? (कोल्हापूर)

मायफिटनेसपालने २०२२ मध्ये स्कॅनर पैसेवाल्या योजनेत टाकला, तेव्हा जगभर लोक चिडले होते. पण बारकोडमध्ये कॅलरी नसतात हो, तो नुसता मालाचा नंबर. नंबरावरून ॲप आपल्या यादीत शोधतं आणि ती यादी परत कुणीतरी भरलेलीच, कधी जुन्या पाकिटावरून. म्हणून पहिल्यांदा स्कॅन केलं की पाकिटाशी ताडून बघा. भारतात पाकिटावर १०० ग्रॅमचे किंवा १०० मिलीचे आकडे छापतात, ते हातानं एकदा भरून ठेवले की पुढे स्कॅनर लागतच नाही. आपण घरी फार तर पंधरा-वीस पाकिटबंद वस्तू परत परत आणतो, बाकी गिरणीचं पीठ, मंडईतली भाजी, कोपऱ्यावरचा फरसाण, यांना कुठला आलाय बारकोड! फक्त एवढ्यासाठी पैसे भरू नका. फुकट हवाच असेल तर ओपन फूड फॅक्ट्स आहे, २०१२ मध्ये फ्रान्समध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेला साठा, पण भारतीय माल असेलच असं नाही.

दुधाच्या पिशवीला मात्र लक्ष द्या. टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, फुल क्रीममध्ये ६, म्हणजे १०० मिलीला साधारण ५८ आणि ८७. नोंद चुकीची निवडली तर रोजचं चुकत राहतं.

भात कच्चा मोजू की शिजलेला? (सातारा)

काहीही चालेल, नोंदही तीच घ्या म्हणजे झालं. कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला ३५०, शिजलेला भात १०० ग्रॅमला १३०. दीडशे ग्रॅम भात कच्च्या तांदळाच्या नावाने लिहिलात तर १९५ च्या जागी ५२५! वरणाला मात्र शिजलेली नोंद नकोच, कारण पाणी प्रत्येक घरात वेगळं. डाळ कोरडी मोजा.

सगळं लिहिते, रोज १२०० च्या आत असते, तरी वजन हलत नाही. थायरॉईड नॉर्मल आहे. (पुणे)

१९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, नेमक्या अशाच लोकांचा, आम्ही १२०० च्या आत खातो तरी कमी होत नाही म्हणणाऱ्यांचा. त्यांनी खरं किती खाल्लं हे मोजलं तर सांगितलेला आकडा सरासरी ४७ टक्के कमी निघाला. खोटं बोलत होते म्हणून नव्हे, सुटतं ते लक्षात येत नाही. दोन चमचे साखरेचा, १०० मिली दुधाचा चहा शंभराच्या आसपास जातो, चार कप झाले की बघा. मग मुलाच्या ताटातलं उरलेलं, चिवड्याची मूठ, चव बघायला घेतलेला शिरा. दोन आठवडे असं करा, खाल्ल्यानंतर नाही, खायच्या आधी लिहा. बोलून नोंद करायची सोय असेल तर ती या किरकोळ गोष्टींना बरी, हात पिठाचे असले तरी चालतं.

मुलगी अकरावीत आहे, काकडीसुद्धा मोजून खाते, बाहेर जेवायला येत नाही, काटा काढून घेतला तर रडते. पाळीही चुकतेय. (नागपूर)

ॲप कुठलं, पद्धत कुठली हा प्रश्नच इथे नाहीये. रागावू नका, मोबाईल हिसकावू नका, पण याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या आणि हे सगळं जसंच्या तसं सांगा, पाळीचं मुद्दाम सांगा. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर जा.

लग्नात, हॉटेलात कसं लिहायचं? तिथे तर काटा नेणार नाही. (सांगली)

इथे फोटो कामाचा. ॲपचा आकडा घेण्यासाठी नव्हे, रात्री काय काय खाल्लं ते आठवावं म्हणून. आकडा शोधून घ्या आणि हॉटेलचा पदार्थ असेल तर वर दोन-तीन छोटे चमचे तेल वेगळं लिहा, चमच्याला ४० धरून. मिसळीवर जास्तीची तर्री मागवली असेल तर ती निराळी.