पीएफएमईएच्या मीटिंगला सगळे गप्प का बसतात?

प्रश्न: आमचं भोसरीत छोटं शीटमेटल युनिट आहे, ब्रॅकेटवर नट वेल्ड करून देतो. कस्टमरने नवीन फॉरमॅटमध्ये पीएफएमईए (प्रोसेसमध्ये कुठे काय चुकू शकतं, त्याचा परिणाम काय, हे आधीच शोधून लिहायची शीट) मागितलाय. क्वालिटीत मी एकटाच. मीटिंग लावली की सगळे चहा पिऊन गप्प बसतात आणि शेवटी शीट मलाच भरावी लागते. टीमची आधी तयारी कशी करून घ्यायची? ट्रेनिंग किती द्यायचं?
– एक वाचक, भोसरी

उत्तर: तुमची शीट बहुतेक जुन्या पार्टची सेव्ह-ॲज मारलेली असणार, रागावू नका, निम्म्या एमआयडीसीत हेच चालतं. लोकांना सगळं माहीत असतं हो, पण पहिल्याच मीटिंगला प्रोजेक्टरवर ते भलंमोठं एक्सेल उघडून 'बोला, ऑकरन्स किती देऊया' (चूक किती वेळा होते त्याचा आकडा) विचारलं तर बोलणार कोण? त्यात साहेब समोर. सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) वाटतं की आज मी म्हणालो इलेक्ट्रोड (वेल्डचं टोक) वेळेवर ड्रेस, म्हणजे घासून नीट, होत नाही, तर उद्या मेमो माझ्याच नावाने निघायचा. म्हणून ट्रेनिंगच्या आधी मालकांना गाठा. इथे बोललेलं कोणाच्या इन्क्रिमेंटला लागणार नाही हे त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगायचं, आणि सांगून झालं की उठून जायचं, बसून राहायचं नाही.

2019 च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संस्था) यांच्या एफएमईए हँडबुकात सात पायऱ्या आहेत, त्यातली पहिलीच प्लॅनिंग आणि प्रिपरेशनची. आपल्याकडे तिथे फक्त हेडर भरतात, पार्ट नंबर, तारीख, टीमची नावं, झालं. खरं तर कुठून कुठपर्यंत बघायचं, कोण बसणार, कधीपर्यंत संपवायचं हे तिथेच ठरतं. ब्लँकिंग-बेंडिंग करावं लागेलच, पण सुरुवात नट वेल्डिंगपासून करा, खरी डोकेदुखी तिथेच असते. माणसं पाच-सहा पुरे. सेटर, मेंटेनन्स, टूलरूम, स्टोअरचा एकजण आणि ऑपरेटर, त्यातही नाइट शिफ्टचा हवाच. त्याला थांबवलंत तर ओव्हरटाइम द्या, फुकट बसवलेला माणूस घड्याळ बघत बसतो.

मग मीटिंगच्या आधी सगळ्यांना घेऊन मशीनपाशी तासभर उभे राहा आणि जे होतंय ते लिहा, एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) आहे ते नको. एसओपीत असतं 'ब्रॅकेट पिनवर बसवा, नट ठेवा, पेडल दाबा'. प्रत्यक्षात नट ट्रेमध्ये उलटसुलट पडलेले असतात, पिनवर स्पॅटर (वेल्डचे उडालेले कण) साचला की ऑपरेटर हँडग्लोव्हनेच पुसतो, खाली पडलेला पीस उचलून जवळच्या बिनमध्ये जातो, तो ओकेचा बिन आहे की रिवर्कचा कोण बघतंय, आणि जेवणाच्या सुट्टीत मशीनवर हेल्पर असतो. तुमच्या शीटमधल्या अर्ध्या ओळी इथेच मिळतील.

ट्रेनिंगचं म्हणाल तर अर्धा तास बास. एकच नट हातात घेऊन दाखवा. नट उलटा बसला हा फेल्युअर मोड. प्रोजेक्शन (नटावरचे वेल्ड होणारे उंचवटे) वरच्या बाजूला गेले, करंट सपाट भागातून पसरला, वेल्ड नीट झालंच नाही आणि कस्टमरच्या लाइनवर बोल्ट आवळताना नट सुटून गोल फिरला, हा इफेक्ट. आणि कारण? ट्रेमध्ये दिशा ठरलेली नाही, पिनला नट उलटा कळत नाही. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' हे कारण म्हणून लिहायला सरळ बंदी घाला, ते लिहिलं की विचार तिथेच थांबतो.

पहिल्या बैठकीत लॅपटॉप बंद ठेवा, टेबलावर रिजेक्ट झालेले पीस आणि कंप्लेंटचं रजिस्टर ठेवा आणि विचारा, 'हा पीस मुद्दाम खराब करायचा असेल तर काय कराल?' बघा मग कसे सुटतात सगळे! कोणीतरी म्हणेल कूलिंगचं पाणी कमी करीन, कोणी म्हणेल इलेक्ट्रोडचं टोक चपटं झालं तरी तसंच चालवीन. मग हळूच विचारायचं, यातलं आत्ता काय काय होतंय? सकाळी पहिल्या पीसची पुश-आउट टेस्ट (नट ढकलून वेल्ड किती धरतो ते बघायची) ओके आणि दुपारनंतर वेल्ड कच्चा, याचं उत्तर बहुतेक तिथेच निघतं.

आकडे सगळ्यात शेवटी. सिव्हिरिटी (परिणाम किती गंभीर त्याचा आकडा) मात्र घरात बसून ठरवू नका, त्या नटात सीटबेल्टचा बोल्ट जाणार की साधं प्लॅस्टिकचं कव्हर बसणार ते कस्टमरला विचारा.

प्रश्न: आमच्याकडे आरपीएन (सिव्हिरिटी, ऑकरन्स आणि डिटेक्शन म्हणजे चूक पकडली जाण्याचा आकडा, या तिघांचा गुणाकार) 100 च्या वर गेला तरच ॲक्शन घेतात. बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. सिव्हिरिटी 9, ऑकरन्स 4, डिटेक्शन 2 असेल तर गुणाकार 72, म्हणजे तुमच्या नियमाने सुटला. 3, 6, 6 चा होतो 108, म्हणजे टीम किरकोळ गोष्टीमागे धावणार. नव्या हँडबुकात आरपीएन काढून ॲक्शन प्रायॉरिटी (तिन्ही आकडे तक्त्यात बघून हाय, मीडियम की लो) आणली ती याचसाठी, तिथे पहिला हाय येतो आणि दुसरा लो. शिवाय 100 ची रेघ असली की लोक आकडे 96 वर आणून ठेवायला शिकतात, हे तुम्हीही पाहिलं असेलच. कस्टमरला जुना फॉरमॅट चालत असेल तर आरपीएनचा कॉलम राहू दे, फक्त शीट सॉर्ट करताना आधी सिव्हिरिटीवर करा.