कल्पित राज्यातील धर्मसत्ता रंगवताना

तुमच्या कादंबरीतील महागुरू केवळ दुष्ट आहे म्हणून राजाविरुद्ध कट रचतो, आणि कथानक तिथेच लंगडे पडते. धर्मसत्तेच्या हाती नेमके काय आहे, हे आधी ठरवा. त्यासाठी युरोपातील 1076-77 चा संघर्ष बारकाईने अभ्यासावा, असे मी आग्रहाने सांगेन. बिशपांच्या, म्हणजे चर्चच्या प्रांतप्रमुख धर्मगुरूंच्या, नेमणुका पोपने करायच्या की राजाने यावरून वाद पेटला, कारण बिशपांकडे जमिनी आणि महसूलही असे. पोप सातवा ग्रेगरी याने जर्मन राजा चौथा हेन्री याला चर्चमधून बहिष्कृत करताना प्रजेच्या निष्ठेच्या शपथाही रद्द ठरवल्या, तेव्हा आधीच नाराज असलेल्या सरदारांना बंडाचे आयते निमित्त मिळाले. भर जानेवारीत आल्प्स ओलांडून हेन्री, ग्रेगरी मुक्कामी होता त्या इटलीतील कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर, क्षमेसाठी तीन दिवस अनवाणी तिष्ठला. पश्चात्तापदग्ध माणसाला क्षमा नाकारणे धर्मगुरूला अवघड होते. शरणागती हाच राजाचा डाव ठरला. (असा प्रसंग लिहिताना बर्फापेक्षा ग्रेगरीच्या कोंडीला अधिक जागा द्या.) क्षमा मिळाली, तरीही मार्चमध्ये सरदारांनी दुसरा राजा निवडलाच. तुमच्या राज्याभिषेकाच्या प्रकरणात शपथ कोणत्या देवतेच्या नावाने घेतली जाते आणि ती मोडण्याचा अधिकार कोणाला आहे, हे वाचकाला तिथेच कळू द्या.