मागाजवळ उभी राहा

पोरी,

रविवारी तू लॅपटॉपवर कारखान्यातल्या मागांचे आकडे उघडून विचारलंस, "काका, आकडे बरोबर आहेत, मग मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर माझ्याशी भांडतो का?" मी चहा गार होऊ दिला आणि विषय बदलला. तेव्हा जीभ उचलली नाही, म्हणून हे पत्र.

दुपारी दोन ते चार माग जास्त बंद पडतात, एवढंच तुझ्या स्क्रीनला कळतं. 'कामात ढिलाई' हे नाव तू दिलंस. अगं, एप्रिलातली सोलापूरची दुपार ती! पत्र्याखाली हवा कोरडीठाक होते, सुती धाग्यातली ओल जाते आणि तो पटापट तुटायला लागतो. विणकर फरशीवर पाणी मारतो ते काय हौस म्हणून? आधी मागाजवळ उभी राहा, मग कारणाला नाव दे.

ऑगस्टातल्या गैरहजेरीचंही तेच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, पूर्व भागातली घरंच्या घरं त्या दिवशी रस्त्यावर असतात. तिथी कधी महिन्याच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीला. तुझा प्रोग्राम तारखा धरून बसला आणि त्याला काही मेळ लागेना. कांड्या भरणाऱ्या बाईला विचारलं असतंस तर तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं असतं.

मला अडाणी समजू नकोस. तुझ्या कॉम्प्युटरचं घराणं आमच्याकडूनच जातं. 1804 च्या जकार्डच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रापासून तेच चाललंय: पुठ्ठ्याच्या पत्त्यात भोक असलं की हूक वर, उभा धागा वर, भोक नाही तर धागा खाली. 1890 ला अमेरिकेने जनगणनेतली माणसं मोजली तीही भोकं पाडलेल्या पत्त्यांवर. मी ऐन उमेदीत नक्षीचा ग्राफ बघून मागासाठी असे पत्ते पाडले. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरायचा, पत्ता फुगायचा, सुई भोकासमोर येईना, की चादरीवरच्या मोराची मान मोडलीच. नक्षीत हवा शिरते, हे मला विशीत ठाऊक होतं.

आणि तरी पुढे सुपरवायझर झाल्यावर माग बंद पडल्याचं रजिस्टर मीच आखलं. पट्टी घेऊन, लाल शाईने. रकाने तीन: धागा, यंत्र, कामगार. उन्हाला रकाना नव्हता. धाग्याच्या रकान्यात लिहिलं की सूतवाल्याशी भांडण, यंत्राच्या रकान्यात लिहिलं की मालकाशी. मग सगळं जायचं तिसऱ्यात आणि मजुरी कापली जायची. एक अण्णा दोन उन्हाळे बोलला नाही, तिसऱ्या उन्हाळ्यात बिऱ्हाड घेऊन भिवंडीला गेला. मालकाला रोज संध्याकाळी आकडा हवा असायचा, ऑर्डर डोक्यावर असायची, आणि त्या पानावर चौथा रकाना बसत नव्हता. खरंच बसत नव्हता.

तुझ्याकडे तर पानाचीही अडचण नाही. तरी तू तीनच रकाने केलेस! रविवारी मी गप्प झालो तो ते बघून.

उद्या दोन वाजता जा. लॅपटॉप घरी राहू दे. मागाजवळ उभी राहा, घाम निथळेपर्यंत. जॉबरला अण्णा म्हण. त्याच्या मागाच्या चौकटीवर खडूच्या बारीक रेघा असतात, त्या कशाच्या ते विचार आणि मला येऊन सांग. 40 वर्षं मी त्यांच्यासमोरून गेलो, कधी विचारलं नाही.

तुझा काका