‘जोडीने’ की ‘द्विवारिक’?

नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र शिक्षिकेने विचारले आहे की, ‘रायबोसोममधील प्रथिने जोडीने कार्य करतात’ हे वाक्य टिपणांत चालेल का, की ‘युग्म’ हा शब्द योजावा.

(रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिने बनवणारा सूक्ष्म कण.) ‘युग्म’ मी टाळेन. जीवशास्त्राच्या मराठीत युग्मक आणि युग्मनज हे शब्द प्रजननाशी पक्के बांधले गेले आहेत, आणि विद्यार्थ्याचे मन नेमके तिकडेच जाईल. ‘जोडी’ चांगला शब्द आहे, पण तो सर्वत्र सारखा लागू पडत नाही. त्र्यंबकेश्वरी यजमान ‘जोडीने पूजेला बसतात’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या व्यक्ती एकाच कार्याला एकत्र बसल्या, हे त्यात गृहीत असते. ई. कोलाय जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान उपएककातील (दोन भागांपैकी लहान भागातील) एस-६ आणि एस-१८ ही प्रथिने अगदी तशी आहेत: दोन्ही भिन्न, पण आधी एकमेकांना बिलगून मग रायबोसोमच्या आरएनएवर बसणारी, आणि तेही एस-१५ने आधी बसून त्या आरएनएला योग्य आकार दिल्यावर. येथे ‘जोडीने’ शोभते.

मोठ्या उपएककातील एल-१२ची गोष्ट निराळी. तेथे त्याच प्रथिनाच्या दोन प्रती एकत्र येतात, म्हणून ‘बहुवारिक’च्या (पॉलिमर) धर्तीवरचा ‘द्विवारिक’ (डायमर) हाच शब्द नेमका ठरतो. (एल-७ हे वेगळे प्रथिन नसून टोकाला अ‍ॅसिटिल गट लागलेले एल-१२च आहे, क्रमांक देताना ते दोनदा मोजले गेले.) ई. कोलायमध्ये अशी दोन द्विवारिके एल-१०च्या आधाराने लवचीक देठासारखी बाहेर डोकावतात आणि अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या टीआरएनएला रायबोसोमपर्यंत पोचवणाऱ्या ईएफ-टीयूसारख्या साहाय्यक घटकांना जवळ ओढतात. बाकीची प्रथिने रायबोसोममध्ये सहसा एकेका प्रतीतच असतात, त्यामुळे आपले सरसकट वाक्य येथे अडखळते.

‘कार्य करतात’ या क्रियापदालाही मर्यादा हवी. अमिनो आम्लांमधला पेप्टाइड बंध घडवून आणण्याचे काम मुख्यतः आरएनएचे आहे; मोठ्या उपएककाची २००० साली प्रसिद्ध झालेली रचना पाहता हा बंध घडतो त्या जागेच्या निकट प्रथिन आढळले नाही. रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणून मी असे लिहीन: ‘रायबोसोममधील काही प्रथिने जोडीने किंवा द्विवारिक रूपात राहून आरएनएची घडी बसवण्यास आणि साहाय्यक घटकांना जवळ आणण्यास मदत करतात.’